वाचकांचे प्रश्न : अँटिबॉडीनं रक्तपेशी ओळखताना

रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं रंगीत अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेत त्यांची चमक आणि प्रकाशविखुरण मोजणारं यंत्र) कशी ओळखायची, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सीडी४, सीडी८ ही या प्रथिनांचीच क्रमांकी नावं. उत्तरांतली प्रमाणं माणसाच्या रक्तासाठी आहेत. उंदराच्या पेशींना ती जशीच्या तशी लावू नका.

प्रश्न : सीडी४ म्हणजे मदतनीस टी पेशी आणि सीडी८ म्हणजे मारक टी पेशी, असं शिकलो. पण माझ्या नमुन्यात या दोघांची बेरीज सीडी३च्या आकड्यापेक्षा बरीच जास्त येते. चुकतंय कुठे?

रंगवण्यात बहुधा काही चुकलेलं नाही, मोजण्याचा क्रम चुकलाय. सीडी४ ही काही टी पेशींची खासगी मालमत्ता नाही. मोनोसाइट या मोठ्या पांढऱ्या पेशींवरही ते असतं, फक्त टी पेशींच्या मानानं बरंच कमी. सीडी८ तसंच काही एनके (नैसर्गिक मारक) पेशींवर मंद दिसतं. तुमचा सीडी४चा आलेख नीट पाहा: उजवीकडे ठळक शिखर, डावीकडे रिकाम्या पेशींचं शिखर आणि दोहोंच्या मध्ये एक बुटका उंचवटा. तो उंचवटा म्हणजे मोनोसाइट. रिकाम्या शिखराच्या कडेलाच रेघ मारली की ते सगळे तुमच्या सीडी४ मध्ये जमा होतात.

सीडी३ सगळ्या टी पेशींवर असतं, म्हणून ते आधी. एकमेकींना चिकटलेल्या जोड्या आधी वगळा (पुढच्या प्रकाशविखुरणाचं क्षेत्रफळ विरुद्ध उंची, तिरक्या रेषेवरच्या पेशी ठेवा), मग मृत पेशी काढा, मग सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींवरचं प्रथिन) विरुद्ध बाजूचं विखुरण या आलेखावर लिंफोसाइटचा गट निवडा. सीडी४५ ठळक आणि विखुरण कमी, तो लिंफोसाइटचा गट. त्यातून सीडी३ असलेल्या पेशी घ्या आणि फक्त त्यांच्यात सीडी४ विरुद्ध सीडी८ पाहा. आता बेरीज सीडी३च्या जवळ यायला हवी. थोडा फरक उरतोच, कारण गॅमा-डेल्टा टी पेशींपैकी बऱ्याच जणींवर दोन्ही नसतात आणि मोजक्या टी पेशींवर दोन्ही असतात.

आणखी एक ताळा ठेवा. लिंफोसाइटच्या गटात टी (सीडी३), बी (सीडी१९) आणि एनके (सीडी३ नाही, सीडी१६ किंवा सीडी५६ आहे) यांच्या टक्क्यांची बेरीज ९५ ते १०५ मध्ये बसली पाहिजे. ९०च्या खाली गेली, तर गटात मोनोसाइट, बेसोफिल किंवा फुटलेल्या लाल पेशींचा कचरा शिरलाय असं समजा.

सीडी क्रमांकांचा मूळ हेतूही इथे लक्षात घेण्यासारखा आहे. १९८२ साली पॅरिसमध्ये पहिली कार्यशाळा झाली, तेव्हा वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या अँटिबॉडी एकाच रेणूला चिकटतात की नाही हे पाहून त्यांचे गट पाडले आणि गटांना क्रमांक दिले. क्रमांक रेणूचा आहे, पेशीचा नाही. पेशी ठरते ती दोन-तीन रेणूंच्या असण्यावरून आणि तितकंच एखाद्याच्या नसण्यावरून. रेग्युलेटरी टी पेशी घ्या: सीडी४ आहे, सीडी२५ ठळक आहे आणि सीडी१२७ कमी आहे. यातली शेवटची अट गाळली, तर नुकत्याच उत्तेजित झालेल्या साध्या टी पेशी त्यांच्यात मिसळतात, कारण सीडी२५ त्यांच्यावरही चढतं.

प्रश्न : एका निरोगी व्यक्तीच्या रक्तात ओकेटी४ क्लोननं (क्लोन म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली अँटिबॉडी) सीडी४ अजिबात दिसलं नाही. आरपीए-टी४ क्लोननं मात्र नेहमीसारखं दिसलं. पहिली बाटली फेकून द्यायची का?

थांबा. त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, दुसऱ्या कुणाचं रक्त रंगवा. तिथे सीडी४ ठळक दिसलं, तर बाटली चांगली आहे आणि फरक त्या व्यक्तीत आहे.

मोनोक्लोनल अँटिबॉडी अख्ख्या प्रथिनाला ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचा एक छोटासा भाग, म्हणजे एपिटोप, ओळखते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाचं (अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडण्याचं) तंत्र मांडल्यापासून एकच एपिटोप ओळखणारी अँटिबॉडी हवी तितकी करता येऊ लागली. हे तंत्राचं बळ आहे आणि तुम्हाला अडचण आली तीही तिथूनच. काही लोकांत, विशेषतः आफ्रिकी आणि जपानी वंशाच्या काही लोकांत, सीडी४च्या जनुकात असा आनुवंशिक बदल आढळतो की ओकेटी४ला लागणारा एपिटोपच तयार होत नाही. प्रथिन जागेवर असतं, पेशी काम करतात, फक्त ही एक अँटिबॉडी आंधळी होते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ओकेटी४चा रंग शून्य, एकच बदललेली असेल तर साधारण निम्मा. हा निम्मा रंग जास्त फसवा, कारण तो कमी पडलेल्या अँटिबॉडीसारखा किंवा आजारासारखा दिसू शकतो.

आरपीए-टी४ आणि एसके३ हे क्लोन सीडी४च्या बाहेरच्या टोकाशी बसतात, ओकेटी४ पेशीच्या पटलाकडच्या भागात. त्यामुळे दोन वेगळ्या रंगांत ते एकाच नळीत लावता येतात. पण दोन क्लोनची जागा एकच असेल, तर जो आधी बसेल तो दुसऱ्याला अडवतो; अशी तपासणी दोन वेगळ्या नळ्यांतच करा. आणि नोंदवहीत नुसतं “सीडी४ एफआयटीसी” (एफआयटीसी हे रंगाचं नाव) लिहून भागत नाही. क्लोन, रंग, लॉट क्रमांक आणि किती मायक्रोग्रॅम लावली, या चार गोष्टी नसतील तर निकाल पुन्हा तपासता येत नाही.

प्रश्न : रिटक्सिमॅब घेतलेल्या रुग्णात सीडी२० शून्य आलं. बी पेशी खरंच संपल्या म्हणायचं का?

नुसत्या सीडी२०वरून नाही. रिटक्सिमॅब ही स्वतःच सीडी२० विरुद्धची अँटिबॉडी आहे. ती आधीच जागा अडवून बसलेली असते. सीडी१९ लावा. सीडी१९ही शून्य असेल तर पेशी गेल्या आहेत. सीडी१९ आहे आणि सीडी२० नाही, तर सीडी२० झाकलं गेलंय किंवा पेशीनं गमावलंय. डॅराटुमुमॅब (सीडी३८ विरुद्धची अँटिबॉडी) घेणाऱ्यांत सीडी३८ची हीच गत होते. तिथे प्लाझ्मा पेशींसाठी सीडी१३८ सोबत ठेवा, किंवा वेगळा एपिटोप धरणारी सीडी३८ची अँटिबॉडी वापरा. तपासणीच्या अर्जावर रुग्णाला कोणती अँटिबॉडी-औषधं दिली आहेत हे विचारणारा रकाना असायलाच हवा.

प्रश्न : पांढऱ्या पेशी आधी वेगळ्या न करता थेट रक्तच रंगवायचं आहे. नेमकी पद्धत द्याल का? माझ्या नमुन्यात दर वेळी काही लिंफोसाइट अजिबात न रंगलेल्या निघतात.

आधी पद्धत. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त, २४ तासांच्या आतलं, खोलीच्या तापमानाला ठेवलेलं, फ्रिजमध्ये नको. १२ × ७५ मिमीच्या नळीत आधी अँटिबॉडींचं मिश्रण तळाशी टाका, मग त्यावर १०० मायक्रोलिटर रक्त सोडा. हलक्या हातानं व्हॉर्टेक्स करा आणि अंधारात १५ ते २० मिनिटं ठेवा. मग लाल पेशी फोडणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण २ मिली घाला, लगेच मिसळा, १० मिनिटं थांबा. ३०० जी वर ५ मिनिटं फिरवून वरचं द्रावण ओतून टाका. तळाची गोळी बोटानं टिचकी मारून सैल करा, २ मिली बफरनं धुवा, पुन्हा फिरवा आणि ३०० ते ५०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन मशीनवर चढवा. लगेच चढवता येत नसेल तर १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवा, पण २४ तासांच्या आत संपवा.

धुण्याचा बफर साधाच: पीबीएस (फॉस्फेट असलेलं मिठाचं द्रावण), त्यात १ ते २ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन किंवा सीरम, २ मिलिमोलर ईडीटीए, आणि पेशी पुढे जिवंत वापरायच्या नसतील तर ०.१ टक्का सोडियम अझाइड. अँटिबॉडी बसली की पेशी तो रेणू एका टोकाला गोळा करून आत ओढून घेते. अझाइड आणि थंडावा ते थांबवतात.

फोडणारं द्रावण घरचं करायचं असेल तर एक लिटरला अमोनियम क्लोराइड ८.३ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए ०.०३७ ग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४. ते खोलीच्या तापमानाला आणूनच वापरा. फ्रिजमधून काढून तसंच ओतलं की लाल पेशी नीट फुटत नाहीत आणि गोळी लालच राहते. बाटली उघडी राहिली की बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं आणि पीएच वर सरकतो. काम झालं की नाही हे ओळखायला नळीमागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता आली की लाल पेशी फुटल्या. १५ मिनिटांच्या पुढे जाऊ नका, कारण मग पांढऱ्या पेशीही फुगायला लागतात. नवजात बाळांच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी असतात, काही हिमोग्लोबिनच्या आजारांतही लाल पेशी चिवट असतात. तिथे थोडा कचरा उरणारच. तो सीडी४५ नसल्यामुळे वेगळा काढता येतो.

आता न रंगलेल्या लिंफोसाइट. पिपेटचं टोक नळीच्या भिंतीला टेकलं की रक्ताचा एक ओघळ वर, अँटिबॉडीच्या पातळीच्या वर, चिकटून राहतो. पंधरा मिनिटं तो तसाच असतो. मग तुम्ही २ मिली द्रावण ओतता, ओघळ धुऊन खाली येतो आणि त्यातल्या पेशी, अँटिबॉडीशी गाठ न पडताच, तुमच्या आकड्यांत सामील होतात. आलेखावर हे ओळखणं सोपं आहे: विखुरणावरून अस्सल लिंफोसाइट वाटणाऱ्या, पण सीडी४५ सकट प्रत्येक रंगात रिकाम्या असलेल्या पेशींचा छोटा नेटका गट. उपाय: पिपेटचं टोक बाहेरून टिश्यूनं पुसा, नळीच्या तळाजवळ नेऊन रक्त सोडा, टोक भिंतीला न लावता वर काढा. भिंतीवर डाग दिसलाच, तर कापसाच्या काडीनं टिपून घ्या.

प्रश्न : याच पद्धतीनं बी पेशींवरचे कप्पा आणि लॅम्डा (अँटिबॉडीच्या रेणूतल्या हलक्या साखळ्या) मात्र दिसत नाहीत. सीडी१९ छान दिसतं.

रक्त आधी धुतलं नाही म्हणून. हिशेब करून पाहा. प्लाझ्मात आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) लिटरला १० ग्रॅमच्या आसपास असतं. १०० मायक्रोलिटर रक्तात निम्म्याहून थोडा जास्त प्लाझ्मा धरला, तर अर्धा मिलिग्रॅम आयजीजी नळीत आहे, आणि त्यातल्या प्रत्येक रेणूवर कप्पा किंवा लॅम्डा साखळी आहे. तुमची अँटिबॉडी जेमतेम एक मायक्रोग्रॅम. ती पेशीपर्यंत पोचायच्या आधीच प्लाझ्मात संपते.

अँटिबॉडी लावण्यापूर्वी रक्त ३७ अंशांच्या कोमट पीबीएसनं दोन-तीनदा भरपूर धुवा. कोमट पीबीएसनं मोनोसाइट आणि एनके पेशींवर नुसतं चिकटून बसलेलं आयजीजीही सुटायला मदत होते. धुतल्यावर एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीची शेपटी धरणारे पेशीवरचे रेणू) उघडे पडतात, ते झाकायला इथे मानवी आयजीजी वापरू नका. तुमची अँटिबॉडी पुन्हा त्यालाच चिकटेल. उंदराचं आयजीजी चालतं.

प्रश्न : बाटलीवर “प्रति चाचणी ५ मायक्रोलिटर” लिहिलंय. निम्मं घातलं तर चालेल का? काहीजण म्हणतात चालतं, काही म्हणतात पेशींच्या संख्येवर अवलंबून आहे.

चालेल की नाही हे तुमच्या पेशी, तुमचा वेळ, तुमचं तापमान आणि तुमचं मशीन यांवर ठरतं, आणि ते एका दुपारी मोजता येतं. बाटलीवरचा आकडा उत्पादकाच्या परिस्थितीत सुरक्षित वाटलेला आकडा असतो. बऱ्याचदा तो गरजेपेक्षा जास्तच असतो, आणि जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही.

९६ खणांच्या व्ही-तळाच्या प्लेटमध्ये आठ खण घ्या. पहिल्यात १०० मायक्रोलिटर बफरमध्ये २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर नुसतं बफर. पहिल्यातून ५० काढून दुसऱ्यात, मिसळा, दुसऱ्यातून ५० तिसऱ्यात, असं सातव्यापर्यंत जा आणि सातव्यातले ५० फेकून द्या. आठवा खण तसाच राहू द्या, तो न रंगवलेला नमुना. आता प्रत्येक खणात ५० मायक्रोलिटर आहे आणि अँटिबॉडी १, ०.५, ०.२५, ०.१२५ अशी निम्मी होत होत ०.०१६ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरते. प्रत्येकात ५० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी घाला (म्हणजे मिलीला २ कोटींचं द्रावण). प्रत्यक्ष प्रयोगात जितका वेळ आणि जे तापमान ठेवणार, तेच इथे ठेवा. टोक प्रत्येक पायरीला बदला. एकाच टोकानं सगळी रांग केली तर पहिल्या खणातली अँटिबॉडी शेवटपर्यंत ओढली जाते आणि तुमची उतरंड खोटी ठरते.

मशीनवर प्रत्येक खणासाठी तीन आकडे काढा: रंगलेल्या गटाचा मध्यक, न रंगलेल्या गटाचा मध्यक आणि न रंगलेल्या गटाचं प्रमाण विचलन. दोन मध्यकांतला फरक भागिले विचलनाची दुप्पट, हा तुमचा स्टेन इंडेक्स. समजण्यापुरतं उदाहरण: १ मायक्रोग्रॅमला रंगलेला गट २४,००० वर, न रंगलेला ४०० वर आणि विचलन ३००, इंडेक्स ३९. पाव मायक्रोग्रॅमला रंगलेला गट २२,००० वर, न रंगलेला १५० वर आणि विचलन ११०; इंडेक्स ९९. अँटिबॉडी चौपट कमी केली आणि गट अडीच पट जास्त सुटे झाले. कारण जादा अँटिबॉडी चिकटायला खरी जागा संपलेली असते. ती मग जिथे तिथे हलकीशी चिकटून रिकाम्या गटाला वर उचलते. उलट खूप खाली, ०.०६च्या आसपास, रंगलेला गट पडायला लागला, की तिथे पिपेटची बारीकशी चूकही निकालात दिसते. इंडेक्स सर्वांत जास्त असतो तो बिंदू घ्या. तो उताराच्या अगदी कडेवर असेल तर एक पायरी वरचा घ्या.

आता पेशींच्या संख्येचं. पाव मायक्रोग्रॅम आयजीजी म्हणजे सुमारे एक लाख कोटी रेणू. टी पेशीवर सीडी४चे ४० ते ५० हजार रेणू असतात. १० लाख पेशींपैकी ४ लाख सीडी४ असलेल्या धरल्या, तरी जागा दोन हजार कोटी. अँटिबॉडी पन्नासपट जास्त आहे. त्यामुळे १० लाखांच्या जागी २० लाख पेशी आल्या तर फारसं बिघडत नाही. द्रावणाचं आकारमान दुप्पट झालं तर मात्र लवकर फरक दिसतो, कारण चिकटणं अँटिबॉडीच्या तीव्रतेवर चालतं. धुतल्यावर नळीत “थोडं” बफर राहून जातं ना, तिथेच ही गडबड होते. सीडी४५ची गोष्ट वेगळी: ते सगळ्याच पांढऱ्या पेशींवर असतं. पेशीमागे एक लाख रेणू जरी धरले आणि १ कोटी पेशी घेतल्या, तरी जागा अँटिबॉडीच्या रेणूंइतक्याच होतात आणि तुटवडा पडतो. पेशी खूप वाढवायच्या असतील तर पुन्हा टायट्रेशन, म्हणजे वरची निम्मं करत जाण्याची रांग, करा. नव्या लॉटला सगळी रांग नको, जुन्या बिंदूच्या आजूबाजूचे तीन खण पुरतात.

प्रश्न : मोनोसाइट प्रत्येक रंगात चमकतात, सीडी१९ मध्येसुद्धा. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण पेशीवरचं काहीच न ओळखणारी अँटिबॉडी) लावून रेघ ठरवतो, तरीही.

संशयित चार आहेत आणि त्यांना एकेक करून वगळता येतं.

न रंगवलेल्या नळीतच मोनोसाइट वर दिसत असतील, तर ती त्यांची स्वतःची चमक आहे. चमकणाऱ्या पेशी मृत पेशींचा रंगही घेत असतील, तर त्या मेलेल्या आहेत. मेलेल्या पेशीला कुठलीही अँटिबॉडी चिकटते. फक्त सायनिन असलेल्या जोडरंगांतच, म्हणजे पीई-साय५, पीई-साय७, एपीसी-साय७ यांतच चमक असेल, तर दोष अँटिबॉडीचा नाही. हे रंगच मोनोसाइटना चिकटतात आणि त्यासाठी वेगळं रोखद्रावण मिळतं. या तिन्हींत बसत नसेल, तर एफसी रिसेप्टर. मोनोसाइटवरचं सीडी६४ अँटिबॉडीची शेपटी घट्ट धरतं. उंदराच्या आयजीजी२ए आणि आयजीजी३ प्रकारच्या अँटिबॉडी त्यात जास्त अडकतात, आयजीजी१ कमी. म्हणून क्लोन निवडायला वाव असेल तर आयजीजी१ घ्या.

रोखायचं कसं? १०० मायक्रोलिटरमध्ये शुद्ध मानवी आयजीजी ५० ते १०० मायक्रोग्रॅम घालून १० मिनिटं थांबा आणि न धुता त्यावरच अँटिबॉडी घाला. उंदरासाठीचा २.४जी२ क्लोन माणसाच्या पेशींवर कामाचा नाही, तरी शेजारच्या रॅकवरून तोच उचलला जातो. थेट रक्तात प्लाझ्मातलं आयजीजीच बरंचसं काम करून टाकतं. त्यामुळे ही तक्रार बहुतेक वेळा वेगळ्या करून धुतलेल्या पेशींतच येते.

आयसोटाइपवरून रेघ ठरवणं सोडा. त्या बाटलीतल्या प्रत्येक अँटिबॉडीवर किती रंगरेणू आहेत, तिची तीव्रता किती, ती किती चिकट आहे, यातलं काहीच तुमच्या अँटिबॉडीशी जुळेलच असं नाही. रेघेसाठी एफएमओ करा: सगळे रंग घाला, फक्त ज्याची रेघ ठरवायची तो एक सोडून. मृत पेशींसाठी अमाइनला चिकटणारा, फिक्स करता येणारा रंग वापरणार असाल तर तो अँटिबॉडीच्या आधी, प्रथिन नसलेल्या नुसत्या पीबीएसमध्ये लावा. अल्ब्युमिन असलेल्या बफरमध्ये टाकला तर तो अल्ब्युमिनलाच चिकटून संपतो. ७-एएडी हा मृत पेशींचा दुसरा रंग मात्र शेवटी घालायचा, धुवायचा नाही आणि फिक्सही करायचं नाही.

प्रश्न : पीई आणि पीई-साय७ या दोन रंगांच्या आलेखावर एक तिरका पट्टा दिसतो. दोन्ही प्रथिनं असलेल्या पेशी म्हणून मोजू का?

मोजू नका. पीई-साय७ मध्ये पीई प्रकाश शोषतं आणि ऊर्जा साय७ला देतं. उजेडानं किंवा जास्त वेळ फिक्स करून ठेवल्यानं ही जोडी मोडली, की ऊर्जा पुढे जात नाही आणि पीई स्वतःच ५७८ नॅनोमीटरच्या आसपास चमकू लागतं. म्हणजे पीई-साय७ लावलेली पेशी पीईमध्येही दिसते. फक्त पीई-साय७ लावलेली नळी चालवा. तिथेही पट्टा असेल तर बाटली बाद.

कॉम्पेन्सेशनचे (एका रंगाची दुसऱ्यात सांडणारी चमक वजा करण्यासाठीचे) एकरंगी नमुने त्याच बाटलीतून, त्याच दिवशी आणि नमुन्याइतकाच वेळ फिक्स करून ठेवलेले हवेत. नमुना दोन तास उजेडात आणि कंट्रोल ताजा, असं असेल तर सॉफ्टवेअर चुकीचीच वजाबाकी करणार. एकरंगी नमुना निदान प्रयोगातल्या नमुन्याइतका तरी ठळक असावा. डोळ्यांनी आकडे सरकवत गट सरळ दिसेपर्यंत जुळवणं बंद करा. मध्यक जुळले पाहिजेत, पसरण नाही. ब्रिलियंट व्हायोलेट गटातले दोन किंवा अधिक रंग एका नळीत असतील तर त्यांच्यासाठीचा खास बफर घाला, नाहीतर ते एकमेकांना चिकटून अगदी असाच पट्टा तयार करतात. आणि पट्टा नसून सुटा गट असेल, तर आधी चिकटलेल्या जोड्या तपासा. मोनोसाइटवर सीडी४१ किंवा सीडी६१ दिसलं तर बहुधा तिला प्लेटलेट चिकटल्या आहेत.

प्रश्न : गोठवून ठेवलेल्या पेशी वितळवल्यावर सीडी६२एल जवळजवळ नाहीसं झालं. सीसीआर७ही मंद.

सीडी६२एल पेशीच्या पृष्ठभागावरून कापलं जातं. उत्तेजित झाल्यावर एडीएएम१७ हे विकर ते छाटतं, आणि गोठवणं-वितळवणं यातही ते बरंच जातं. गोठवलेल्या नमुन्यात स्मृती पेशींचे प्रकार त्यावरून ठरवू नका. सीडी४५आरए आणि सीसीआर७ घ्या. सीसीआर७ सतत आत-बाहेर करत असतं, म्हणून ती अँटिबॉडी आधी एकटी, ३७ अंशांना १५ ते ३० मिनिटं लावा आणि बाकीचं मिश्रण नंतर घाला. या पायरीला अझाइड नको.

प्रश्न : कोणत्या प्रथिनाला कोणता रंग द्यावा?

जे प्रथिन पेशीवर कमी, त्याला ठळक रंग: सीडी२५, सीडी१२७ यांना पीई किंवा ब्रिलियंट व्हायोलेट ४२१. जे भरपूर, त्याला मंद रंग चालतो: सीडी४५, सीडी८ यांना एफआयटीसी. एकाच पेशीवर असणारी दोन प्रथिनं शेजारच्या रंगांत ठेवू नका. एकाच पेशीवर कधीच नसणारी, जसं सीडी३ आणि सीडी१९, शेजारी ठेवलेली चालतात.

प्रश्न : महागाच्या अँटिबॉडी उणे २० अंशांना ठेवल्या तर जास्त टिकतील ना?

नाही, खराब होतील. पीई आणि एपीसी ही स्वतः मोठी प्रथिनं आहेत. गोठली की मोडतात. २ ते ८ अंश, अंधारात, आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून नाही, तिथे बर्फ धरतो. वापरण्यापूर्वी बाटली १०,००० जी वर ३ मिनिटं फिरवून वरचं द्रावण घ्या. तळाशी बसलेले पुंजके आलेखावर अति-ठळक ठिपके म्हणून दिसतात. अझाइड असलेलं द्रावण आम्लात मिसळू नका, विषारी वायू निघतो. ते बेसिनमध्येही ओतू नका: तांब्याच्या आणि शिशाच्या नळांत साठून त्याचे स्फोटक क्षार बनतात.

प्रश्न : सीडी३ लावून वेगळ्या केलेल्या टी पेशी पुढे कल्चरमध्ये वाढवता येतील का?

वाढतील, पण त्या आता शांत टी पेशी राहिलेल्या नसतील. सीडी३ला धरणारी अँटिबॉडी टी पेशीला संदेश देऊ शकते. ओकेटी३ क्लोन तर टी पेशी मुद्दाम उत्तेजित करायलाच वापरतात. ३७ अंशांना आणल्यावर रिसेप्टर आत ओढला जातो आणि दुसऱ्या दिवशी सीडी३ मंद दिसतं, ते वेगळंच. पेशी हात न लावल्यासारख्या हव्या असतील तर उलट बाजूनं जा: सीडी१४, सीडी१६, सीडी१९, सीडी५६ यांच्या अँटिबॉडी लावून नको त्या पेशी काढून टाका आणि उरलेल्या घ्या. सीडी१६ असलेल्या काही टी पेशी आणि सीडी५६ असलेल्या काही टी पेशी यात जातात, तेवढं नोंदवून ठेवा. अँटिबॉडी अझाइड नसलेल्या मागवा; असलेलीच हाताशी असेल तर कल्चरला टाकण्यापूर्वी पेशी तीनदा धुवा.